बंदुकीने माती का फासली?

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रे पूजतात. घरात तलवार नसली तरी अडत नाही. विळा, कोयता, करवत, खुरपे, शिवणयंत्र आणि मास्तराच्या घरी लेखणीसुद्धा त्या दिवशी पाटावर जाऊन बसते. पूजेपूर्वी एक गोष्ट मात्र नेमाने होते. प्रत्येक वस्तू घासूनपुसून लखलखीत केली जाते. गंजलेले पाते देवापुढे ठेवायचे नाही, असा दंडकच आहे. शस्त्राचे तेज म्हणजे धन्याचे तेज, ही समजूत आपल्या हाडीमाशी रुजलेली आहे. कोणत्याही संग्रहालयात जाऊन जुन्या तोड्याच्या बंदुका पाहाव्यात. दस्त्यावर हस्तिदंताचे तुकडे बसवलेले असतात, नळीवर सोन्याचांदीची तार ठोकून वेलबुट्टी काढलेली असते. ती बंदूक चालण्याच्या आधीच दिसावी, दुरून दिसावी आणि तिच्यामागे कोण उभा आहे हे समोरच्याला कळावे, अशी कारागिराची खटपट असते.

आता दुसरे चित्र पाहा. अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडाशी आला की एखादा साधासुधा गृहस्थ परसातल्या टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरतो, त्यावर आपली नवीकोरी, चांगली महागाची रायफल आडवी घालतो, आणि फवाऱ्याच्या डब्याने तिच्यावर मातकट रंग उडवू लागतो. निळसर काळी, आरशासारखी नळी आणि अक्रोडाच्या लाकडाचा गुळगुळीत दस्ता पाहता पाहता वाळक्या गवतासारखा दिसू लागतो. कारखान्यात जी झिलई द्यायला कसबी हात लागले, ती हा भला माणूस घरी बसून अर्ध्या तासात पुसून टाकतो. आणि काम झाल्यावर दोन पावले मागे सरून तो तिच्याकडे समाधानाने पाहतो.

मी शाळेत इतिहास शिकवतो. आमच्या पाठ्यपुस्तकांत लढाया, तह आणि सनावळ्या भरपूर असतात, पण शिपायाच्या अंगावर कोणता रंग होता आणि तो का होता, हे सहसा नसते. वास्तविक शस्त्र मिरवण्यापासून शस्त्र लपवण्यापर्यंतचा हा प्रवास मोठा मनोरंजक आहे. त्यात सेनापती थोडे आणि शिकारी, चित्रकार, प्राणिशास्त्रज्ञ असे भलतेच लोक फार. शिवाय ह्या प्रवासाचा एक महत्त्वाचा टप्पा आपल्याच देशात पडतो.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की जुन्या काळचे सेनापती काही मूर्ख नव्हते. काळी दारू जळली की रणांगणावर धुराचा पडदा उभा राही. दोनचार फैरी झडल्या की आपला कोण आणि परका कोण हे ओळखू येईना. अशा वेळी लाल कोट, पांढरे पट्टे, उंच टोप्या ह्यांचा उपयोग होता. आपला माणूस दुरून ओळखू येणे हेच संरक्षण होते. बंदुकीचा पल्लाही बेताचा. शंभर पावलांच्या पलीकडे नेम धरून मारणे हे साध्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला जमत नसे. पलटणीने रांगेत उभे राहून एकदम बार काढायचा, एवढीच विद्या. मग लपायचे कोणी आणि कशासाठी? उलट दोनशे संगिनी उन्हात एकदम चमकल्या म्हणजे समोरच्याची छाती दडपे. म्हणून इंग्रज शिपाई विटकरीची पूड आणि तेल घेऊन आपल्या बंदुकीची नळी तासन्‌तास घाशी. चकाकी म्हणजे शिस्त आणि शिस्त म्हणजे सैन्य, असे समीकरणच होऊन बसले. हे समीकरण पुढे किती महाग पडले ते आपण पाहणारच आहोत.

त्या काळातही एका जातीच्या माणसाला चकाकीचा तिटकारा होता. तो म्हणजे शिकारी. जर्मन संस्थानांतून रानरखवालदार आणि शिकारी ह्यांच्या वेगळ्या तुकड्या असत. त्यांना म्हणतच ‘येगर’, म्हणजे शिकारी. आटे पाडलेल्या नळीची, लांबवर नेमका मारा करणारी रायफल ही मुळात ह्यांची. इंग्रजांनी १८०० साली ह्याच धर्तीवर रायफलवाल्यांची पलटण उभारली, तेव्हा तिला लाल कोट न देता गडद हिरवा पोशाख दिला; आणि तिच्या बेकर रायफलींच्या नळ्या चकचकीत न ठेवता तपकिरी केल्या. तपकिरी करणे म्हणजे काय? तर नळीवर मुद्दाम, बेताबेताने गंज चढवायचा, तो घासून बसवायचा आणि वर तेलाचा हात द्यायचा. ज्या गंजाला शिपाई शत्रू मानीत असे, त्यालाच शिकाऱ्याने पहारेकरी म्हणून नेमले! बंदुकीला फासलेली ही पहिली माती म्हणायला हरकत नाही.

आता आपल्याकडे येऊ. १८४६ च्या डिसेंबरात पेशावरला हॅरी लम्सडेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडे एक लहानशी पलटण उभारण्याचे काम आले. तिचे नाव ‘गाइड्स’, म्हणजे वाटाडे. सरहद्दीवरचे पठाण, वाटांचे माहीतगार, घोडेस्वार असे लोक तिच्यात घ्यायचे होते. लम्सडेनला कवायतीच्या मैदानापेक्षा डोंगराची माहिती अधिक. त्याने ठरवले की ह्या लोकांना लाल कोटात कोंबायचे नाही. मुलुख धुळीचा आहे तर अंगावर धूळच हवी. तिथल्या ‘मझारी’ नावाच्या बुटक्या ताडापासून रंग काढून सुती कापड रंगवण्यात आले, आणि फारसी ‘खाक’ म्हणजे धूळ, माती, राख ह्या शब्दावरून त्या रंगाचे नाव पडले खाकी. ह्या कामात लम्सडेनचा दुय्यम होता हॉडसन. १८५७ साली दिल्लीच्या बादशहाला पकडणारा आणि त्याच्या शहाजाद्यांना भर रस्त्यात गोळ्या घालणारा तो हॉडसन हाच. रंगाचा इतिहास चाळतानाही माणसाचा इतिहास असा आडवा येतो.

१८५७ च्या उठावात उत्तरेच्या भर उन्हाळ्यात लढणाऱ्या गोऱ्या पलटणींना आपला पांढरा पोशाख म्हणजे निशाण आहे, हे फार लवकर उमगले. सरकारी हुकूम आणि सरकारी रंग येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. मग पलटणीच्या स्वयंपाकघराकडे धाव घेतली गेली. कोणी चहाच्या काढ्यात, कोणी कॉफीत, कोणी तुतीच्या रसात, तर कोणी मसाल्याच्या पाण्यात आपले कपडे बुडवून काढले. प्रत्येक पलटणीची खाकी निराळी. एक पिवळट, एक करडी, एक जांभळट. दोन धुण्यांत रंग विटे. पण जीव वाचवायला एवढे पुरेसे होते. ‘घरच्या घरी’ रंगकाम करण्याची जी हौस आजच्या शिकाऱ्यात दिसते, तिचा पूर्वज मला ह्या चहाच्या हंड्यात सापडतो.

मौज अशी की संकट टळले आणि पलटणी पुन्हा लाल-पांढऱ्या कपड्यांत गेल्या. कारण सांगितले जाई ते रंग पक्का नसल्याचे. ते खोटे नव्हते. मँचेस्टरकडच्या रंगाऱ्यांनी न विटणारी खाकी सिद्ध केली ती १८८४ च्या सुमारास. त्यानंतर हिंदुस्थानातल्या फौजेत, आणि १८९७ साली इंग्लंडबाहेरच्या सगळ्याच इंग्रजी फौजेत खाकी आली. पण खरे कारण मनातले होते. लपणे हे मर्दपणाला शोभत नाही, ही भावना काही धुण्याने विटत नाही.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. १८८४ साली पॉल व्हिएय ह्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू तयार केली, आणि दोनच वर्षांनी फ्रेंच फौजेने ती वापरणारी लेबेल रायफल हाती घेतली. धुराचा पडदा गेला. आता गोळी कोठून आली ते कळेना, पण ती ज्याला मारायची तो मात्र स्वच्छ दिसू लागला. आणि पल्ला शंभर पावलांवरून हजार पावलांवर गेला. रणांगण हे एकाएकी पारधीचे रान झाले. ज्याला रानात वावरण्याची सवय तो तरणार, ज्याला कवायतीच्या मैदानाची सवय तो मरणार, हे ठरून गेले.

त्याचा प्रत्यय दक्षिण आफ्रिकेत आला. बोअर लोक शेतकरी; लहानपणापासून घोड्यावर बसून हरणे मारणारे. त्यांच्या हातात बिनधुराच्या माउझर रायफली होत्या. ११ डिसेंबर १८९९ ला मागर्सफाँटेनची लढाई झाली. इंग्रजी तोफांनी आदल्या दिवशी समोरची टेकडी भाजून काढली होती. बोअर टेकडीवर नव्हतेच. ते पायथ्याशी, सपाटीला खंदक खणून, वर झुडपे पसरून बसले होते. पहाटे स्कॉटिश हायलँडर पलटणी दाटीने चालून आल्या आणि अगदी जवळून गोळ्यांचा पाऊस सुरू झाला. त्यांच्या घोळदार किल्टवर पुढून खाकी झडप बांधलेली होती. शत्रू समोर असतो, तेव्हा समोरची बाजू लपवली म्हणजे झाले, असा हिशेब! पण गोळीबारात माणूस पालथा पडतो. मग वर येते ती पाठीमागची गडद रंगाची बाजू. दिवसभर त्या उघड्या माळावर ती माणसे तशीच पडून राहिली. हलला की गोळी, आणि न हलला तर आफ्रिकेचे ऊन. पोटऱ्यांची कातडी भाजून सोलून निघाली. त्या एका दिवसात इंग्रजांचे सुमारे ९०० लोक मेले वा जखमी झाले. खुद्द हायलँडरांचा सेनापती वॉकोप मारला गेला.

त्या युद्धात इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी गाडीत ठेवल्या, हुद्द्याच्या खुणा उतरवल्या, पितळी गुंड्यांवर रंग फासला आणि शिपायासारखी रायफल खांद्यावर टाकली. तीनशे वर्षे जी चकाकी घासून घासून आणली, ती मातीने झाकण्यात काही आठवडे गेले. १९०० साली लॉर्ड लोव्हॅट ह्यांनी स्कॉटलंडच्या डोंगरातले शिकाऱ्यांचे नोकर, म्हणजे ‘गिली’ लोक जमवून टेहळ्यांची तुकडी उभारली. जहागीरदाराला हरणापर्यंत नेऊन पोहोचवणे हा ह्यांचा पिढीजात धंदा. अंगावर चिंध्यांचा आणि गवताचा झगा घालून झुडूप बनून बसण्याची त्यांची कला पुढे जगभरच्या फौजांनी उचलली, आणि त्या झग्याला आजही ‘गिली सूट’ म्हणतात. मालकाच्या मागे बंदूक वाहणारा नोकर असा लष्कराचा गुरू झाला.

एकाचे पाहून दुसरा शिकतो, असे आपण म्हणतो. राष्ट्रांच्या बाबतीत ते फारसे खरे नाही. फ्रेंच शिपाई १९१४ साली महायुद्धात उतरला तो निळा कोट आणि लालभडक विजार घालून. ती बदलावी म्हणून लढाईपूर्वी प्रयत्न झाले होते. पण लाल विजार म्हणजेच फ्रान्स, अशी गर्जना पार्लमेंटातून झाली आणि विजार राहिली. २२ ऑगस्ट १९१४ ह्या एका दिवशी फ्रान्सचे सुमारे २७,००० शिपाई मारले गेले. सगळेच काही विजारीमुळे मेले नाहीत. तोफा आणि यंत्रबंदुकांनी मेले. पण पिकल्या शेतांतून चालत येणारा तो लाल रंग तोफेवरच्या जर्मनाला नेम धरायला किती सोयीचा पडला असेल, ते सांगायला नको. हिवाळा संपायच्या आत फ्रेंच फौज फिकट निळ्या कपड्यांत जाऊ लागली.

ह्याच फौजेतल्या गिराँ द सेव्होला नावाच्या चित्रकाराला तोफखान्यात काम करताना एक कल्पना सुचली. तोफ विमानातून दिसते, म्हणून तिच्यावर मातीच्या आणि पाल्याच्या रंगांत रंगवलेले कापड टाकून पाहावे. १९१५ साली त्याच्या हाताखाली चित्रकार, नेपथ्यकार, सुतार अशांची एक तुकडीच उभी राहिली. ‘कामुफ्ले’ म्हणजे वेषांतर करणे. त्यावरून ‘कॅमफ्लाज’ हा शब्द जगभर गेला. आपण त्याला मायावरण म्हणतो, आणि मला तो शब्द मुळापेक्षाही गोड वाटतो. त्या तुकडीच्या बिल्ल्यावर सरडा होता. गर्ट्रूड स्टाईन ह्या लेखिकेने लिहून ठेवले आहे की पॅरिसच्या रस्त्यावर पहिल्यांदा रंगवलेली तोफ पाहिली तेव्हा पिकासोने ही तर आमचीच करणी, असा दावा केला. वस्तूचे तुकडे तुकडे करून तिचा आकार मोडणे हे त्याच्या चित्रांचे वैशिष्ट्य होतेच. तेव्हा म्हातारपणी नव्हे, ऐन उमेदीतच त्याला सरकारी प्रशस्तिपत्र मिळाले म्हणायचे.

खंदकांच्या लढाईत मात्र चित्रकारापेक्षा शिकारी अधिक उपयोगी पडला. हेस्केथ-प्रिचर्ड हा इंग्रज लेखक, क्रिकेटपटू आणि दूरदूरच्या देशांत शिकार केलेला माणूस १९१५ साली फ्रान्समधल्या आघाडीवर गेला, तेव्हा जर्मन नेमबाज इंग्रजांना रोज टिपत होते. त्याच्या शिकारी डोळ्याने एक गंमत हेरली. इंग्रजांच्या खंदकाचा बांध वाळूची पोती एकसारखी रचून, थापून, सरळ रेषेत बांधलेला. अगदी तपासणीला ठेवल्यासारखा. त्यावरून उंदीर गेला तरी दिसे. जर्मनांचा बांध म्हणजे सगळा गबाळग्रंथी कारभार. नाना रंगांची पोती, वाकडेतिकडे ढीग, मध्येच पत्रा, मध्येच लाकूड. त्या पसाऱ्यात बंदुकीची नळी कोठे आहे ते सापडेना. नीटनेटकेपणा माणसाला मारीत होता आणि पसारा वाचवीत होता! प्रिचर्डने इंग्रजांना पसारा शिकवला. कागदाच्या लगद्याचे मुंडके काठीवर वर काढायचे. कधी त्याच्या तोंडात सिगारेट देऊन खालून नळीने धूर काढायचा. जर्मनाने गोळी घातली की भोकाच्या रेषेवरून तो कोठे लपला आहे ते शोधायचे. १९१६ साली त्याने नेमबाजीची आणि टेहळणीची शाळाच काढली. रायफलीला गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळणे हा तिथला नित्यपाठ झाला. बंदुकीने माती फासली ती खऱ्या अर्थाने इथे.

आता ह्या विद्येच्या मुळाशी जाऊ. रानात मैदानी रंगाचा प्राणी आपल्याला दिसत का नाही? रंग मिळतो म्हणून, असे आपण चटकन सांगतो. ॲबट थेयर ह्या अमेरिकन चित्रकाराने १८९६ साली दाखवले की गोष्ट एवढी सोपी नाही. ऊन वरून पडते. त्यामुळे कोणतीही गोल वस्तू वर उजळ आणि खाली सावळी दिसते, आणि त्या उजेडछायेनेच डोळ्याला तिचा गोलपणा कळतो. चित्रकार कागदावर चेंडू काढतो तो ह्याच युक्तीने. निसर्ग नेमके उलटे करतो. हरणाची पाठ गडद आणि पोट पांढरे असते. उन्हाने पाठ उजळली आणि सावलीने पोट काळवंडले की दोन्ही सारखे होतात, आणि हरीण सपाट होऊन पार्श्वभूमीत विरून जाते. चित्रकार सपाटावर उठाव आणतो, निसर्ग उठाव पुसून सपाट करतो. किती सुंदर विचार आहे हा!

पण सुंदर विचाराच्या प्रेमात पडलेला माणूस थांबत नाही. १९०९ च्या ग्रंथात थेयरकुटुंबाने असे प्रतिपादन केले की जवळजवळ प्रत्येक प्राण्याचा रंग लपण्यासाठीच आहे. गुलाबी रोहित पक्षीदेखील संध्याकाळच्या आकाशात दडून जातो. ह्यावर एक भलताच टीकाकार चवताळून उठला. तो म्हणजे अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट, आफ्रिकेतून नुकताच शिकार करून परतलेला. १९११ साली त्याने लांबलचक निबंध लिहून बजावले की मी हे प्राणी प्रत्यक्ष माळावर पाहिले आहेत. झेब्रा कोसावरून दिसतो. प्राणी लपतो तो बहुधा निश्चल राहिल्यामुळे, आणि सापडतो तो हलल्यामुळे. चित्रकार आणि शिकारी ह्यांच्या ह्या भांडणात दोघांपाशीही सत्याचा एकेक तुकडा होता.

थेयरचा तुकडा ह्यू कॉट ह्या केंब्रिजच्या प्राणिशास्त्रज्ञाने उचलला. १९४० साली त्याचा प्राण्यांच्या रंगांवरचा मोठा ग्रंथ निघाला; त्याच वर्षी इंग्लंडवर जर्मन स्वारीचे सावट होते. कॉटने आगगाडीच्या रुळांवरून नेण्याच्या दोन प्रचंड तोफा मागून घेतल्या. एक नेहमीच्या लष्करी पद्धतीने रंगवलेली होती. दुसरी त्याने हरणासारखी रंगवली. नळीची वरची बाजू गडद, खालची पांढरट. विमानातून छायाचित्रे काढली. नेहमीची तोफ प्रत्येक छायाचित्रात ढळढळीत दिसत होती. कॉटची तोफ नेमकी कोठे आहे हे माहीत असूनही मोठ्या मुश्किलीने सापडत होती. एवढे होऊनही लष्कराने ती पद्धत स्वीकारली नाही. लहान मुलाच्या वहीतल्या हरणापुढे तोफखान्याने मान तुकवायची कशी, हा प्रश्न असावा. त्याच महायुद्धात पुढे ब्रह्मदेशच्या ओल्या रानात खुद्द खाकीच उठून दिसू लागली, आणि हिंदुस्थानात कपडे पुन्हा एकदा हंड्यांत बुडवून हिरवे करण्याची वेळ आली. त्या आघाडीवर आपल्या मराठा पलटणीही होत्या. पेशावरची धूळ इम्फाळच्या झाडीत चालत नाही. लपण्याचा रंग मुलुखागणिक बदलतो.

आता त्या अमेरिकन गृहस्थाच्या टेबलाकडे पुन्हा वळू. त्याला थेयर आणि कॉट ही नावे ठाऊक नसतील, पण तो जे करतो त्यात हा सगळा इतिहास उतरलेला आहे. बंदूक रिकामी आहे ना, हे तो आधी दोनदा पाहतो आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवतो. मग तेलाचा अंश न्‌ अंश पुसून काढतो, कारण तेलावर रंग धरत नाही. नळीच्या तोंडात बोळा, दुर्बिणीच्या भिंगांवर, चापावर आणि आतल्या हलत्या भागांवर चिकटपट्टी. रंगाचा थर तिथे गेला तर बंदूक लपेल पण चालणार नाही. पहिला हात वाळक्या गवताच्या फिक्या रंगाचा, आणि तोही बिनचकाकीचा. चकाकता रंग लावून काय उपयोग? तो वाळला की ज्या रानात जायचे त्याच रानातून आणलेली डहाळी, नेच्याचे पान, गवताची जुडी नळीवर धरायची आणि वरून गडद रंगाचा हलका फवारा मारायचा. पान उचलले की पानाचा फिका आकार मागे राहतो. दिवाळीत आपल्या घरच्या मुली रांगोळीचा छापा अंगणात ठेवून वर रंग भुरभुरवतात, तीच ही हातोटी.

ह्यात खरी मेख रंगात नाही, रेषेत आहे. रानात सरळ रेषा जवळजवळ नसते. झाडाचा बुंधा वाकतो, फांदी फाटते, गवत कलते. आणि त्यांच्यामधून दोन हात लांबीची, काटकोनात धरलेली, काळी सरळ नळी पुढे आली की डोळा तिथे अडखळतो. म्हणून जाणता माणूस फिके आणि गडद पट्टे नळीला आडवे घेतो, म्हणजे दुरून तिचे तीनचार तुकडे दिसतात आणि ते एकमेकांचे आहेत असे वाटत नाही. नवशिका बारीक बारीक ठिपक्यांची कशिदाकारी करतो. ती हातात घेतल्यावर छान दिसते आणि पन्नास पावलांवरून सगळी मिसळून पुन्हा एकच काळपट दांडा होतो.

आणि इथे ह्या साऱ्या खटाटोपाला एक चमत्कारिक कलाटणी मिळते. हा रंग लावला कोणासाठी? हरणासाठी. पण हरणाला दिसते काय? आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, हरणाच्या डोळ्यांत दोनच. निळा त्याला चांगला दिसतो. तांबडा आणि नारिंगी हे त्याला हिरव्यापिवळ्यापासून वेगळे काढता येत नाहीत. म्हणून तर आपल्या रानातला वाघ केशरी असूनही उपाशी मरत नाही. २०१९ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिले की सावजाच्या डोळ्यांना तो केशरी रंग हिरव्या झाडीत मिसळलेला दिसतो. आपण ज्याला भडक म्हणतो तो वाघ हरणाच्या लेखी हिरवा आहे! उलट कपडे शुभ्र दिसावेत म्हणून साबणाच्या भुकटीत जी आधुनिक नीळ घालतात, तिची झळाळी आपल्यापेक्षा हरणाला अधिक जाणवते. शिकाऱ्याने मातकट रंगाचा सदरा घातला आणि तो त्या भुकटीने धुतला, तर केले-सवरले पाण्यात. रानटी टर्कीची गोष्ट निराळी; पक्ष्याची रंगदृष्टी माणसाहून तल्लख, त्याच्यापुढे हे रंगकाम खरोखर कामी येते. पण हरणापुढे बंदुकीची चकाकी मारली आणि हात स्थिर ठेवला की निम्म्याहून अधिक काम झाले. रूझवेल्टचा तुकडा तो हाच. आणि वारा उलटा असेल तर कोणताच रंग वाचवीत नाही, हे आपल्याकडचा कोणताही जुना पारधी सांगेल.

म्हणूनच अमेरिकेच्या बऱ्याच राज्यांत कायदा असा आहे की हरणाच्या शिकारीला जाणाऱ्याने अंगावर लखलखीत नारिंगी रंगाचे कापड घातलेच पाहिजे. हरणाला ते दिसत नाही, पण झुडपाआड बसलेल्या दुसऱ्या शिकाऱ्याला दिसते. हातात महत्प्रयासाने लपवलेली बंदूक आणि अंगात कोसावरून दिसणारे जाकीट, असा तो पुरुष रानात शिरतो. वरवर पाहता हा विनोद आहे. पण नीट पाहिले तर त्यात ह्या दोनशे वर्षांचे शहाणपण साठले आहे. दिसणे वाईट नव्हे आणि लपणेही वाईट नव्हे. कोणाला दिसायचे आणि कोणापासून लपायचे हे कळले पाहिजे. धुराच्या काळात लाल कोट शहाणा होता. धूर गेल्यावर तोच कोट मारेकरी झाला. कोट तोच होता, समोरचा डोळा बदलला होता, आणि सेनापती मात्र आरशातच पाहत राहिले. जो आरशात पाहून रंग ठरवतो तो स्वतःला आवडणारा रंग घेतो. ज्याला तगायचे आहे त्याला क्षणभर आपले घर सोडून समोरच्याच्या डोळ्यात जाऊन बसावे लागते आणि तिथून स्वतःकडे पाहावे लागते. लम्सडेनने ते केले, चहाच्या हंड्यात सदरा बुडवणाऱ्या शिपायाने केले, कॉटने केले. लाल विजारीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी केले नाही, आणि त्याची किंमत त्यांनी दिली नाही, विजार घालणाऱ्या पोरांनी दिली.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीवर पडदा टाकला. मचाणे मात्र राहिली. वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातल्या जंगलांत पाणवठ्याकाठच्या मचाणांवर माणसे जागत बसतात, ती जनावरे मोजायला. अंगावर मातकट कपडे, जवळ वही आणि दुर्बीण. छायाचित्रकारांच्या लांब नळकांड्यांसारख्या भिंगांवर पानापाचोळ्याचे चित्र छापलेल्या खोळी चढवलेल्या असतात, अगदी त्या रंगवलेल्या रायफलीसारख्या. बंदूक गेली, तिचा झगा कॅमेऱ्याने उचलला. चांदणे पडलेले असते, वारा पडलेला असतो, आणि केव्हातरी चितळाची एक मादी झाडीतून बाहेर येऊन पाण्याला तोंड लावण्यापूर्वी मान वर करून थेट मचाणाकडे पाहते. तिला काय दिसते आहे, हा प्रश्न वर बसलेल्या प्रत्येकाच्या मनात त्या क्षणी असतो. तो प्रश्न विचारायला शिकवण्यासाठी जगाला इतका दारूगोळा खर्चावा लागला.